खरबी कुणाची होती

कुंदा गेली तेव्हा तिच्या खोलीतला संगणक चालूच होता. सकाळची वेळ, मी शांती नगरच्या बाजारात मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होते आणि तिच्या भावजयीचा फोन आला. "मेधाताई, कुंदा गेली वो आपली..." एवढं बोलून वहिनी थांबल्या. मागून रडण्याचे आवाज येत होते. मग वहिनींनीच विचारलं, "तिचा ता मशीन चालू हाय आतल्या खोलीत. बंद करू?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नको. बंद नका करू." जन्माची मैत्रीण गेल्याचं ऐकून मी पहिलं वाक्य बोलले ते हे. रडू त्यानंतर आलं, तिथेच, भर बाजारात. भाजीवाला बिचारा "क्या हुआ भाभी, बैठो, बैठो" म्हणत स्टूल पुढे करत राहिला.

राईला तिच्या घरी पोचले तोवर अंगणात माणसं जमली होती. बायका बाहेरच्या खोलीत, पुरुष रस्त्यापर्यंत. आतल्या खोलीतून मशीनच्या पंख्याची घरघर येत होती आणि कुणीतरी म्हणालं, हे तरी बंद करा, बरं दिसत नाही. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिचा काम चाललाय." पण त्यांनाही ते उघडंवाघडं बरं वाटलं नसावं, कारण त्यावर त्यांनी एक धुतलेली चादर घातली होती. सगळ्यांची पाठ वळल्यावर मी ती हळूच काढून ठेवली. मशीन तापलं असतं. कुंदाने तेच केलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि बाहेर जाऊन बायकांत बसले.

तर हे काम काय होतं, ते सांगायला हवं, नाहीतर मी चादर का काढली हे कुणाला समजणार नाही. कुंदा आणि मी एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो. ती संगणक, मी गणित. दोघी नव्या, दोघी बिनवशिल्याच्या, म्हणून परीक्षांचं वेळापत्रक करायचं काम आमच्या गळ्यात पडलं. ज्यांनी ते कधी केलं नाही त्यांना वाटतं, त्यात काय मोठंसं? एका मुलाचे दोन पेपर एका वेळी यायला नकोत, वर्गात बाकं पुरायला हवीत, आणि ज्यांचा अवघड पेपर आज झाला त्यांना उद्या श्वास घ्यायला मिळायला हवा. एवढंच. पण एक पेपर हलवला की दुसरा अडतो, दुसरा सोडवला की चौथा रुसतो. मांडण्या इतक्या की सगळ्या तपासून बघायच्या म्हटलं तर जगातल्या कुठल्याही संगणकाचं आयुष्य पुरणार नाही. म्हणून मग अक्कल लढवायची, अंदाज बांधायचे, चांगलं उत्तर मिळालं की समाधान मानायचं. संगणकाला अशी अक्कल लढवायला शिकवणं, हा कुंदाचा विषय झाला. आणि कुणी शिकवलेली अक्कल खरोखर जास्त चालते, हे प्रामाणिकपणे तपासणं, हा तिचा ध्यास झाला. पहिल्या विषयाने तिला नोकरीत बढती दिली. दुसऱ्याने तिला एकटं पाडलं.

या क्षेत्राचा आजार तिने मला फार लवकर सांगितला होता. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बस, सगळं यात आलं," ती म्हणायची. माणूस स्वतःची नवी पद्धत शोधतो, महिनोन् महिने तिला खाऊपिऊ घालतो, तिचे सगळे स्क्रू पिळून नीट करतो. मग तुलनेसाठी दुसऱ्याची जुनी पद्धत घेतो, ती आहे तशी धुळीसकट शर्यतीत उभी करतो, आणि आपली जिंकली म्हणून शोधनिबंध छापतो. खोटं कुणीच बोलत नाही. फक्त आपल्या पोराला मालिश आणि दुसऱ्याचं उपाशी. एका परिषदेत एक तरुण प्राध्यापक मोठ्या उत्साहाने आपले आलेख दाखवत होता. कुंदा उठली आणि तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुमच्या पद्धतीला जितका वेळ दिलात, तितका दुसरीला दिला होतात का?" तो गडबडला. सभागृह हसलं. कुंदा मात्र हसली नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. असं दोनचार ठिकाणी झाल्यावर तिला बोलावणंच बंद झालं. पुढे चहाच्या वेळीही लोक तिच्या टेबलाला वळसा घालून जायला लागले. मी म्हटलं, "अगं, थोडं गोड बोलायला काय जातं तुझं?" ती म्हणाली, "मी कडू कुठे बोलले? मी वेळ विचारली."

स्वतःच्या बाबतीत तर ती सासू होती. तिची भीती अशी, की आपण कितीही सरळ वागायचं ठरवलं तरी आपल्या पोराकडे डोळा झुकतोच. निकालात आपली पद्धत मागे दिसली की आपण चूक शोधत बसतो, पुढे दिसली की चूक शोधायची थांबवतो. यावर तिने उपाय काढला. ज्या पद्धतींची तुलना करायची त्यांची खरी नावं काढून टाकायची आणि टोपणनावं द्यायची. ती मी द्यायची. कुठलं नाव कुणाचं, हे फक्त मला ठाऊक असायचं, आणि ते कुठेही लिहून ठेवायचं नाही. निकाल तिच्यासमोर यायचे ते टोपणनावाने, आणि त्यावरचं विवेचनही ती टोपणनावानेच लिहायची. सगळं लिहून झालं की शेवटी मी नावं उघडायची. त्यानंतर लिहिलेल्यातला एक शब्द बदलायचा नाही.

नावं माशांची. तीही तिचीच कल्पना. राईच्या खाडीवर वाढलेली बाई, तिला दुसरं काय सुचणार? मी पडले शाकाहारी, सांगलीकडची. मला सुरमई आणि बांगडा शेजारी ठेवले तरी ओळखता यायचे नाहीत. "म्हणूनच नावं तू ठेवायची," कुंदा म्हणाली, "तुला माशांतलं काही कळत नाही, तुझा पक्षपात व्हायचा नाही." पण पहिल्याच खेपेला घोटाळा झाला. मी एका पद्धतीला सुरमई म्हटलं आणि एकीला मुशी, आणि आठवड्याभरात लक्षात आलं की कुंदा सुरमईचे निकाल वाचताना खुलते आणि मुशीचे नाक मुरडून वाचते. ते तिचं तिलाच कळलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग नियम झाला, खायला सारख्याच साध्या अशा खाडीच्या माशांची नावं घ्यायची. वहिनींनी माझ्याकडून ती पाठ करून घेतली. बोय, खरबी, शिंगाळा. मी सोसायटीतल्या बायकांसमोर चुकून एकदा "आज खरबी फार हळू चाललीये" असं फोनवर बोलले, तेव्हा समोरच्या घरातल्या काकू बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

निवृत्तीनंतर हा सगळा कारभार तिच्या राईच्या घरी गेला. आजूबाजूच्या वाड्यांवर इमारती आल्या, तिच्या घराच्या मागे मात्र अजून थोडं मोकळं होतं. आतल्या खोलीत दोन संगणक, दोन खुर्च्या, एक टेबल. मी दर गुरुवारी शांती नगरहून निघायची, पूल ओलांडून भाईंदर पश्चिमेला आणि तिथून रिक्षाने राई. माझे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब. खरं सांगायचं तर आठवड्यात कुणाशी पोटभर बोलणं व्हायचं ते गुरुवारी. कुंदाने लग्न केलं नव्हतं. भाऊ गेल्यावर त्या घरात ती आणि वहिनी दोघीच.

याच खोलीतली एक गोष्ट सांगते. एका उन्हाळ्यात आम्ही महिनाभर एक मोठी तुलना चालवली होती, निबंध पाठवायची तारीख तोंडावर होती, आणि शिंगाळा सपाटून हरत होता. कुंदा निकाल बघत बसली आणि म्हणाली, "हा दुपारीच का हरतो?" मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." ती उठली, पश्चिमेच्या खिडकीपाशी गेली, तिथल्या संगणकावर हात ठेवला आणि मला बोलावलं. मशीन इस्त्रीसारखं तापलं होतं. दुपारचं ऊन थेट त्यावर यायचं, ते तापलं की आपोआप हळू चालायचं, आणि शिंगाळ्याच्या वाट्याला नेमकं तेच मशीन आलं होतं. त्याची अक्कल कमी पडत नव्हती, त्याला ऊन लागत होतं. कुंदाने महिन्याचं सगळं काम पुसून टाकलं. तारीख गेली. मी इतकी चिडले की चहा न घेता घरी आले. पुढच्या गुरुवारी गेले तर खिडकीला जाड पडदा होता, आणि नवा नियम झाला होता की प्रत्येक माशाने आळीपाळीने दोन्ही मशीनवर धावायचं. पुन्हा केल्यावर शिंगाळा जिंकला. तो दुसऱ्याच कुणाचा होता, आमचा नव्हताच. कुंदा इतकी खूश, जणू तिचाच नंबर आला होता.

आता शेवटच्या कामाकडे येते. गेली काही वर्षं कुंदा स्वतःची एक पद्धत घडवत होती. जुनी हजारो वेळापत्रकं बघून संगणकाने स्वतःच शिकायचं, कुठला पेपर आधी बसवला तर पुढे कमी अडेल. हल्ली सगळीकडे ज्याचा बोलबाला आहे त्याच जातीची ही कृत्रिम बुद्धिमत्ता, पण कुंदाने तिच्यात स्वतःचं बरंच काही ओतलं होतं. आयुष्यभर इतरांच्या पोरांना तोलणाऱ्या बाईचं हे एकुलतं एक पोर. तिच्याविरुद्ध उभी करायची होती ती एक फार जुनी, साधी पद्धत. कसंतरी एक वेळापत्रक मांडायचं, दोन पेपरांची अदलाबदल करायची, सुधारलं तर ठेवायचं, आणि अधूनमधून बिघडलं तरी चालवून घ्यायचं. विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतात ती. सोबत आणखी एक तिसरी. कुंदाने तिन्ही पद्धती सारख्याच मायेने सज्ज केल्या, दुसऱ्यांच्या आधी, स्वतःची शेवटी. मग माझ्या स्वाधीन केल्या. मी नावं दिली. साधी जुनी झाली बोय. तिसरी झाली शिंगाळा. कुंदाची झाली खरबी.

त्याच सुमारास तिचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी वहिनींना बाहेर बोलावून जे सांगितलं ते वहिनींनी मला जिन्यात सांगितलं, आणि कुंदाने ते आमच्या दोघींच्या चेहऱ्यांवरून वाचलं. "तुझा चेहरा म्हणजे कॉलेजचा नोटीस बोर्ड," ती मला नेहमी म्हणायची. ती म्हणाली, "चला, मग मशीन सुरू करूया. वेळ लागेल." लागणारच होता. नशिबाने एकदा कुणीही जिंकतं, म्हणून प्रत्येक वेळापत्रकाचं कोडं प्रत्येक माशाला पुन्हा पुन्हा सोडवायला द्यायचं, आणि प्रत्येकाला वेळ अगदी सारखा. कितीतरी कॉलेजांची कोडी होती, त्यातली एकही खरबीने शिकताना पाहिलेली नव्हती. मशीन सुरू झालं, आणि पहिल्या काही आठवड्यांतच मला दिसायला लागलं की खरबी हरतेय.

थोडीथोडकी नाही, उघड हरत होती. बोय शांतपणे पुढे जायची आणि खरबी कुठेतरी अडकून बसायची. ते मला दिसत होतं आणि कुंदालाही दिसत होतं, पण खरबी कुणाची हे जगात फक्त मला माहीत होतं. दर गुरुवारी मी जायची. ती उशांना टेकून बसलेली असायची, मांडीवर निकालांचे कागद. "बोय मस्त पळतेय गं," ती म्हणायची. "आणि ही खरबी बघ, अगदीच ढ. घोकंपट्टी केलीये नुसती, जरा वेगळं कॉलेज आलं की भांबावते." मी म्हणायची, "हो ना." आणि चहा टाकायला उठायची. वहिनींच्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायची. कितीदा वाटलं की आत जाऊन सांगून टाकावं, मग तिच्याजवळ बसावं, दोघींनी मिळून वाईट वाटून घ्यावं. पण आपली पद्धत जिंकेल, ही एकच आशा तिच्या हातात उरली होती, असं मला वाटत होतं. ती मी कशी काढून घेऊ? मी त्या महिन्यांत इतकी एकटी कधीच नव्हते. नवरा गेला तेव्हाही नाही, कारण तेव्हा कुंदाला सांगता आलं होतं.

त्यातच तिने निबंधाचं विवेचन लिहायला घेतलं. खरबीवरचं प्रकरण तर असं लिहिलं की आमच्या क्षेत्रात इतकं निर्मळ मी काही वाचलेलं नाही. खरबी का हरते, कुठे हरते, तिच्या शिकण्यातच काय खोट आहे, कुठल्या आशेने ती घडवणाऱ्याने ही चूक केली असेल, सगळं. एक शब्द आकसाचा नाही आणि एक शब्द दयेचा नाही. मी वाचताना मनात म्हणत होते, बाई गं, तू कुणाबद्दल लिहितेयस हे तुला ठाऊक असतं तर तुझा हात चालला नसता.

शेवटी तिला हॉस्पिटलमध्ये हलवलं. आमची शेवटची भेट तिथली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "कुंदा, सांगू का?" तिने डोळे उघडले. "संपलं का सगळं?"

"थोडंसं राहिलंय."

"मग गप्प बस," ती म्हणाली आणि माझा हात थोपटला. मला वाटलं, तिला ऐकायचं नाहीये, तिची आशा तिला सोबत न्यायचीये. बरं झालं विचारून थांबले, असंही वाटलं. त्यानंतर वहिनींनी हट्टाने तिला घरी आणलं आणि दोनच दिवसांत... बाजारातली ती मेथी मी घेतली की तिथेच ठेवली, ते आजही आठवत नाही.

मशीन पुढे आठवडाभर चाललं आणि थांबलं. निकालात काही फरक पडला नव्हता. बोय पहिली, मग शिंगाळा, खरबी शेवटी. मी एकटीच त्या खोलीत बसले होते. नावं उघडायची वेळ झाली होती आणि ऐकायला कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी कॉलेजच्या विभागप्रमुखांचा फोन आला. कुंदाचाच विद्यार्थी. शोकसभा ठेवली होती. "मॅडम, तुम्ही त्यांच्या शेवटच्या संशोधनाबद्दल बोला. त्यांची नवी पद्धत सरस ठरली असेलच. आम्ही प्रयोगशाळेला त्यांचं नाव देतोय, खाली पद्धतीचंही नाव कोरू." मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि मला एकदम उमगलं, की बोय कुंदाची होती असं मी म्हटलं तर जगात कुणीही मला खोटं ठरवणार नाही. कुठे लिहिलेलं नाही. कोण पुन्हा महिनोन् महिने मशीन चालवून तपासणार? ज्या लोकांनी तिच्या टेबलाला वळसा घातला तेच टाळ्या वाजवतील. एक नाव इकडचं तिकडे, एवढंच करायचं होतं. आणि मला ते करावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. शोकसभेपर्यंत मी जेवताना, कपडे वाळत घालताना, ते वाक्य मनात म्हणून बघत होते. बोय कुंदाची होती. किती छान वाटायचं ते ऐकायला. पण पुढे तिचं ते खरबीवरचं प्रकरण आठवायचं. ते मग कुणा दुसऱ्याच्या माथी गेलं असतं. आपला बाब्या आणि दुसऱ्याचं कार्टं, हा खेळ तिच्याच नावाने, तिच्याच मैत्रिणीने खेळला असता.

शोकसभेत वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या, पांढरी साडी, हातात रुमाल. मी उठले. तीन माशांची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग म्हटलं, "तुलना पूर्ण झाली आहे. बोय जिंकली, ती सगळ्यांत जुनी आणि साधी पद्धत. खरबी हरली. खरबी कुंदाची होती." मी पुढे म्हणाले की खरबी का हरली हे कुंदानेच लिहून ठेवलंय आणि ते जसंच्या तसं छापलं जाईल. बाहेर पडताना एक जुने सहकारी जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आज तरी हे बोलायला नको होतं, मॅडम. मेलेल्या माणसाबद्दल..." मलाही तसंच वाटत होतं.

रिक्षात मला रडू आवरेना. मी वहिनींना म्हटलं, "वहिनी, माफ करा मला. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की तिची जिंकतेय. आणि मी आज चार लोकांत..."

"कुनी सांगितला तुम्हाला असा?" वहिनी म्हणाल्या. "तिला म्हाईत व्हता. पयल्यापासून म्हाईत व्हता."

रिक्षावाल्याने विचारलं, "मैडम, राई में अंदर लेना है क्या?" वहिनींनी त्याला हाताने पुढे दाखवलं आणि मला म्हणाल्या, "मना बोलली, वहिनी, खरबी माझी हाय, आन ती काय वर येत न्हाय. मी बोलली, तुला कसा कळला? बोलली, पोराची चाल आई वळखत न्हाय होय? आन वर तुमचा तोंड. खरबीचा नाव निघाला का तुम्ही चाय करायला उठायचा. येवढा चाय आमच्या घरात कधी झाला न्हवता."

"मग मला का नाही बोलली ती?"

"मी पन हाच विचारला. बोलली, मेधा जीव मारून लपवतेय, तिला वाटू दे मना म्हाईत न्हाय. तिला सांगितला तर ती रडंल, आन मंग मशीन बंद करंल." वहिनींनी रुमाल माझ्या हातात दिला. "मंग तुम्ही गेल्यावर रडायची. गुरुवारचा."

त्यानंतर पुष्कळ दिवस मी त्या एकाच गोष्टीपाशी अडकले होते. ती खरबीला ढ म्हणत होती तेव्हा मला वाटत होतं ती अजाण आहे. ती मला सोपं करून देत होती. ते प्रकरण तिने सगळं ठाऊक असून लिहिलं होतं. हॉस्पिटलमध्ये गप्प बस म्हणाली ते स्वतःसाठी म्हणाली नव्हती. एका भिंतीच्या अलीकडे मी ओट्याला धरून उभी होते आणि पलीकडे ती उशीला टेकून बसली होती, दोघींना एकच दुःख. दार उघडंच होतं. कुणीतरी एकीने हाक मारायची होती, बस.

गुरुवारी मी अजून राईला जाते. वहिनी म्हणतात, येत जा, मना पन बरा वाटतो. परवा गेले तेव्हा त्या खाडीकडे गेल्या होत्या. मी आतल्या खोलीत जाऊन माझ्या खुर्चीत बसले. दुपारची वेळ होती, तिच्या खुर्चीच्या पाठीला तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून आहे. चहा टाकायला उठावंसं वाटलं, तरी उठले नाही. तिथेच बसून, त्या खुर्चीकडे बघून, मोठ्याने म्हटलं, "कुंदा, हरलो गं आपण." मग खूप रडले. वहिनी येईपर्यंत.